टेम्सकाठचे जुने घर

टेम्स म्हटले की सामान्यतः लंडन आठवते : पूल, गोद्या, संसदभवनाचे नदीत पडलेले प्रतिबिंब. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत उगम पावून लेचलेडपर्यंत येणारी टेम्स ही मात्र निराळीच नदी आहे. ती अरुंद आहे, संथ आहे आणि सपाट कुरणांतून इतकी वळणे घेत जाते की काठाने चालणाऱ्याला समोरच्या चर्चचा माथा कधी उजव्या तर कधी डाव्या हाताला दिसतो. लेचलेडपासून सुमारे दोन मैल पूर्वेला, ऑक्सफर्डशायरच्या पश्चिम टोकाला, तिच्या उत्तर तीरावर केल्मस्कॉट हे गाव आहे. लोकवस्ती सुमारे दोनशे. करड्या चुनखडकाची घरे, शेतांच्या आणि पायवाटांच्या कडेला उभ्या रोवलेल्या दगडी फरशांची कुंपणे, पाण्याकडे झुकलेली वाळुंज जातीची विलो झाडे आणि हिवाळ्यात पुराखाली जाणारी गवताळ राने. इंग्लंडच्या ग्रामीण भागाची चित्रे ज्यांनी पुस्तकांतून पाहिली आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

या ओळखीतच एक धोका आहे. अशा गावाकडे 'दृश्य' म्हणून पाहण्याची सवय वाचकाला इंग्रजी काव्याने आणि प्रवासवर्णनांनी लावली आहे. नदी, चर्च, जुने घर यांकडे जणू ती आपोआप उगवलेली असावीत अशा दृष्टीने पाहिले जाते. केल्मस्कॉटचे महत्त्व असे की, या दृश्यातील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताने घडलेली आहे आणि त्या हाताची आठवण ठेवल्याशिवाय तिच्या सौंदर्याविषयी बोलता येत नाही, हा विचार येथे राहिलेल्या एका माणसाने आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात सातत्याने मांडला. विल्यम मॉरिस हे त्याचे नाव. कवी, कापडावरील व भिंतीवरील नक्षीचा संकल्पक, मुद्रक आणि समाजवादी म्हणून तो परिचित आहे. जुन्या वास्तूंच्या रक्षणाच्या विचारावर त्याने टाकलेला प्रभाव तितकासा परिचित नाही, आणि तो प्रभाव भारतापर्यंत पोहोचलेला असल्याने त्याचा विचार येथे विशेष अगत्याचा ठरतो.

मॉरिसच्या आधी या गावाला इतिहास होता. सेंट जॉर्जचे लहानसे चर्च बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्याच्या उत्तरेकडील आडव्या दालनात मध्ययुगीन भित्तिचित्रांचे अवशेष टिकून आहेत आणि पूर्वेकडील खिडकीत पंधराव्या शतकातील रंगीत काचेचा संत जॉर्ज अजून आपल्या ड्रॅगनशी झुंजत आहे. नदी त्या काळी रस्ता होती. केल्मस्कॉटच्या खालच्या अंगाला रॅडकॉट येथे सुमारे १२०० मध्ये बांधलेला दगडी पूल आहे. टेम्सवरील आज उभ्या असलेल्या पुलांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक गणला जातो. १३८७ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या पक्षाचा आणि बंडखोर सरदारांचा सामना याच पुलापाशी झाला. पुढील शतकांत बर्फर्ड व टेन्टन परिसरातील खाणींचा दगड रॅडकॉटहून होड्यांत भरून खाली जात असे. लंडनच्या सेंट पॉल चर्चसाठीही या भागातील दगड गेला. वरच्या अंगाला, इंगल्शॅमपाशी, १७८९ मध्ये टेम्स आणि सेव्हर्न या दोन नद्यांना जोडणारा कालवा येऊन मिळाला. म्हणजे ज्या नदीकाठाला पुढे 'निवांत' हे विशेषण कायमचे चिकटले, तो शेकडो वर्षे ओझी वाहणाऱ्यांचा काठ होता. रेल्वे आली, कालवा निकामी झाला, आणि मगच तेथे शांतता आली.

ज्या घरामुळे गाव प्रसिद्ध झाले त्याची कथाही अशीच आहे. 'केल्मस्कॉट मॅनर' हे नाव ऐकून एखाद्या उमरावाच्या वाड्याची कल्पना होते. वास्तविक ते टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याने सुमारे १६०० च्या सुमारास बांधलेले शेतावरचे घर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, घराण्याची भरभराट झाल्यावर, ईशान्येकडे एक विभाग वाढवण्यात आला. त्याच्या खिडक्यांवरच्या लहान तिकोनी शिरोभागांत नव्या अभिरुचीची चाहूल लागते. जमीनदारीचे हक्क टर्नरांनी १८६४ मध्ये विकत घेतले आणि तेव्हा कुठे त्या घराला 'मॅनर' म्हणवून घेण्याचा अधिकार आला. तोवर गावाच्या खालच्या अंगाचे घर एवढीच त्याची ओळख होती. आवारात धान्याची कोठारे आहेत, कबुतरखाना आहे, तीन बैठकींचे शौचगृहही आहे. माळ्यावर उघड्या तुळयांच्या खाली शेतावरचे गडी झोपत असत.

या घराचे छप्पर हे त्याचे खरे वैभव. कॉट्सवोल्डच्या परिसरात छपरासाठी दगडाचीच कौले वापरत. खाणीतून काढलेला ओला दगड हिवाळ्यात उघड्यावर ठेवायचा. आतले पाणी गोठून फुगले की दगड आपल्या थरांवर फुटतो, मग कारागीर त्याच्या पातळ फरश्या सोडवून घेतो. मोठ्या फरश्या वळचणीला, आणि आढ्याकडे जाताना क्रमाने लहान. यात शोभेचा हेतू प्रथम नव्हता. भार आणि पाणी या दोहोंचा हिशेब होता. खाणीतून निघणाऱ्या लहानमोठ्या साऱ्या तुकड्यांचा उपयोग व्हावा हेही त्यात होतेच. १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या 'क्वेस्ट' या नियतकालिकात मॉरिसने या घरावर एक लेख लिहिला. त्यात या छपराच्या क्रमबद्धतेची तुलना त्याने माशाच्या खवल्यांशी आणि पक्ष्याच्या पिसांशी केली आहे. कारागिराची सवय आणि निसर्गाची सवय यांत त्याला भेद दिसत नव्हता, हे या तुलनेचे मर्म.

मॉरिस येथे आला १८७१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी. घरांच्या दलालाच्या यादीतून त्याला हे घर सापडले. चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी याच्याबरोबर भागीदारीत त्याने ते भाड्याने घेतले. या भागीदारीमागे एक अवघड वस्तुस्थिती होती. मॉरिसची पत्नी जेन आणि रोझेटी यांच्यातील अनुराग मॉरिसला ठाऊक होता, आणि लंडनच्या कुजबुजीपासून दूर असे एक घर तिघांनाही हवे होते. भाडेपट्टा होताच जुलै महिन्यात मॉरिस आइसलंडला निघून गेला; जेन, दोन लहान मुली आणि रोझेटी यांनी तो उन्हाळा केल्मस्कॉटला काढला. त्याच वर्षी रोझेटीने काढलेल्या 'वॉटर विलो' या चित्रात जेनच्या मागे नदी आहे, होडी ठेवण्याचे छप्पर आहे, चर्च आणि घरही आहे. या त्रिकोणावर चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ती येथे वाढवण्याचे कारण नाही. वास्तूच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच की रोझेटीला ते घर मनापासून कधी आवडले नाही. पडदेभिंतींवरील सतराव्या शतकातील सॅमसनच्या कथेची विणचित्रे त्याला उदास करीत. १८७४ च्या जुलैमध्ये नदीकाठी गळ टाकून बसलेल्या काही लोकांशी त्याचे भांडण झाले, आणि तो गेला तो परतला नाही. मॉरिस मात्र मरेपर्यंत त्या घराचा भाडेकरू राहिला. 'भाडेकरू' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या घराशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले ते त्याच्या मालकीचे कधीच नव्हते. १८७८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात नदीकाठी घेतलेल्या घराला त्याने 'केल्मस्कॉट हाउस' म्हटले, १८९१ मध्ये सुरू केलेल्या मुद्रणालयालाही तेच नाव दिले. एकाच नदीच्या दोन टोकांना एकाच नावाची दोन घरे, ही कल्पना त्याला फार प्रिय होती. १८८० च्या ऑगस्टमध्ये घरच्या मंडळींसह व मित्रांसह तो हॅमरस्मिथहून होडीने निघाला आणि सहा दिवस प्रवाहाविरुद्ध प्रवास करून रात्रीच्या वेळी केल्मस्कॉटला पोहोचला. जेन आदल्या दिवशीच पुढे गेली होती, आणि तिने सारे घर दिव्यांनी उजळून ठेवले होते.

या घराने आणि नदीने मॉरिसच्या हस्तकलेला काय दिले हे सांगणे सोपे आहे, कारण त्याची नावेच साक्ष देतात. १८८३ च्या 'स्ट्रॉबेरी थीफ' या छिटाच्या नक्षीत बागेतली फळे चोरणारे थ्रश पक्षी आहेत, ते केल्मस्कॉटच्या बागेतलेच. १८८७ च्या 'विलो बाऊ' या भिंतीवरच्या कागदात गावच्या ओढ्यावरच्या विलोची पाने आहेत. टेम्सला मिळणाऱ्या नद्यांची नावे त्याने एकामागून एक कापडांना दिली : एव्हनलोड, केनेट, विंडरश, वँडल. ही सारी नक्षी प्रवाहासारखी तिरपी वाहते. त्यांतील कित्येकांचा निळा रंग खऱ्या निळीचा आहे. कापड आधी पूर्ण निळे रंगवायचे, मग नक्षीच्या जागचा रंग ठशाने उडवायचा आणि तेथे दुसरे रंग भरायचे अशी ती वेळखाऊ पद्धत होती. ही पद्धत साधण्यासाठी मॉरिसने रंगाच्या हौदात हात बुडवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याचे हात निळे झालेले असत, असे त्याचे मित्र सांगत. येथे भारतीय वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. नीळ त्या काळी इंग्लंडला मुख्यतः बंगाल आणि बिहारमधून जात असे, आणि बंगालच्या शेतकऱ्यांनी मळेवाल्यांविरुद्ध केलेल्या १८५९-६० च्या उठावाला पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. 'छीट' हा शब्दच इंग्रजीने भारतातून उचलला. कॉट्सवोल्डच्या ओढ्याचे चित्र ज्या रंगात उमटले त्या रंगाचा इतिहास असा लांबवर पसरलेला आहे.

मॉरिसला याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. १८७९ मध्ये बर्मिंगहॅम येथे 'जनतेची कला' या विषयावर दिलेल्या व्याख्यानात त्याने श्रोत्यांना ठणकावून विचारले होते की, येथे आपण कलाशिक्षणाच्या प्रसारासाठी जमलो असताना आपलेच लोक भारतातील त्या शिक्षणाचे झरे आटवीत आहेत, त्याचे काय? दागिने, धातुकाम, मातीची भांडी, छपाईचे कापड, किनखाप, गालिचे या साऱ्या कला व्यापाराच्या रेट्याखाली नष्ट होत असल्याचे त्याने सांगितले. सरकारी तुरुंगांत कैद्यांकडून विणून घेतलेल्या स्वस्त गालिच्यांनी विणकराचा बाजार कसा बुडवला याचाही उल्लेख केला. भारतीय हस्तव्यवसायांविषयी इंग्लंडमध्ये तेव्हा लिहिणाऱ्यांत जॉर्ज बर्डवुड हे नाव प्रमुख होते. बर्डवुडचा जन्म १८३२ मध्ये बेळगावचा. मुंबईत वैद्यकीय सेवेत असताना भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आणि राणीच्या बागेच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. एकाच काळात दोन ठिकाणी एकच चिंता व्यक्त होत होती. फरक एवढाच की बर्डवुडने ती साम्राज्याच्या चौकटीत ठेवली, तर मॉरिस त्या चौकटीलाच दोष देण्यापर्यंत गेला.

परंतु केल्मस्कॉटने मॉरिसला जो सर्वांत मोठा विचार दिला तो घरांविषयीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये जुनी चर्च 'पूर्वरूपात आणण्याची' एक लाटच आली होती. वास्तुशिल्पी एखादे शतक आदर्श म्हणून निवडी. त्यानंतरची भर पाडून टाकायची, भिंतींवरचा जुना गिलावा दगड उघडा पडेपर्यंत खरवडायचा, झिजलेले कोरीव काम काढून त्या जागी नवे, नीटस, तेराव्या शतकाच्या धर्तीचे कोरीव काम बसवायचे. हेतू वाईट नव्हता. श्रद्धाही होती, विद्वत्ताही होती. शेकडो चर्च या श्रद्धेने आणि विद्वत्तेने आपला इतिहास गमावून बसली. १८७६ मध्ये केल्मस्कॉटहून प्रवासाला निघाला असता मॉरिसने बर्फर्डच्या चर्चमध्ये चाललेले असे काम पाहिले. तेथल्या धर्मोपदेशकाशी त्याची खडाजंगी झाल्याची आणि चर्च आमचे आहे, वाटल्यास तेथे डोक्यावर उभे राहू अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाल्याची आख्यायिका आजही बर्फर्डमध्ये सांगतात. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ट्यूक्सबरीच्या मोठ्या चर्चची तीच गत होणार असे कळताच त्याने 'अथेनियम' नियतकालिकाला पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. खरवडण्याला विरोध करणारे म्हणून मंडळाला 'अँटी-स्क्रेप' हे टोपणनाव पडले.

मंडळाच्या जाहीरनाम्यातील युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी एखादी इमारत दुरुस्त करताना कारागीर आपल्या काळाच्या पद्धतीने बिनदिक्कत काम करी. त्यामुळे बाराव्या शतकाच्या भिंतीला पंधराव्या शतकाची खिडकी लागे, आणि ती विसंगतीही सजीव असे. एकोणिसाव्या शतकाला स्वतःची अशी शैली उरली नाही म्हणून ते दुसऱ्या शतकाचे सोंग घेते. सोंग घेण्यासाठी मधली सारी शतके पुसून टाकावी लागतात. म्हणून जुन्या वास्तूला आधार द्यावा, गळते छप्पर शाकारावे, रोजची डागडुजी करावी आणि तेथे थांबावे. दुरुस्ती झाकू नये. तिचा आव आणू नये. या भूमिकेच्या मुळाशी एक ऐतिहासिक निदान आहे : तेराव्या शतकातला पाथरवट मोकळा होता, एकोणिसाव्या शतकातला मजूर बांधलेला आहे, त्या मोकळ्या हाताचे काम या बांधलेल्या हाताला हुकुमावरून करता येणार नाही. हा विचार मूळ जॉन रस्किनचा. मॉरिसने त्याला संघटना दिली.

या भूमिकेचे सर्वांत सुंदर फळ केल्मस्कॉटपासून फार दूर नाही. लेचलेडच्या पलीकडे, कालवा जेथे नदीला मिळे त्या इंगल्शॅम येथील सेंट जॉनचे चर्च १८८८-८९ मध्ये मंडळाच्या देखरेखीखाली दुरुस्त झाले. आज त्याचा सांभाळ चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे. आत गेल्यावर प्रथम काहीच नजरेत भरत नाही. फरशी उंचसखल आहे, लाकडी खोकेवजा बाके तिरकी झाली आहेत. मग डोळे सरावले की भिंती बोलू लागतात. मध्ययुगातील चित्र, त्यावर नंतरच्या शतकातील चित्र, त्यावर धर्मसुधारणेनंतर लिहिलेली वचने, असे थर एकमेकांतून डोकावतात, आणि कोणत्याही एका थराला दुसऱ्यासाठी बळी दिलेले नाही. सॅक्सन काळातील माता आणि बालक यांचे एक शिल्प भिंतीत आहे. कधीकाळी त्याचा उपयोग उन्हाचे घड्याळ म्हणूनही केला गेला होता, आणि त्या खुणाही तशाच ठेवल्या आहेत. ग्रेट कॉक्सवेलचे प्रचंड धान्यकोठार मॉरिस पाहुण्यांना आवर्जून दाखवी. ब्यूली येथील मठाच्या मालकीचे, सुमारे १३०० च्या सुमारास उभारलेले, आणि १५० फुटांहून अधिक लांबीचे हे कोठार त्याला मोठ्या चर्चच्या तोलाचे वाटे. देवाच्या घरापेक्षा धान्याच्या घराला उणे न लेखणारी ही दृष्टी त्या काळात नवीन होती.

भारतात हा विचार सरकारी मार्गाने आला. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा १९०४ मध्ये झाला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जी संरक्षणविषयक पुस्तिका सिद्ध केली, तिच्यावर मॉरिसच्या मंडळाच्या तत्त्वांची छाया स्पष्ट आहे. काल्पनिक पूर्वरूप उभे करू नये, जे आहे ते टिकवावे, हे तिचे सूत्र. उद्ध्वस्त किल्ल्यांच्या आणि पूजा थांबलेल्या लेण्यांच्या बाबतीत या सूत्राने भारताचे मोठे हित केले, यात शंका नाही. परंतु मराठीत ज्याला 'जीर्णोद्धार' म्हणतात ती परंपरा याच्या नेमकी उलट आहे. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वरापासून काशीपर्यंत जी देवालये पुन्हा उभारली ती जुन्याचे अवशेष राखण्यासाठी नव्हेत. पूजा अखंड चालावी म्हणून. तेथे वास्तू नव्हे तर तिचा उपयोग पवित्र होता. मॉरिसची भूमिका कारागिरांची परंपरा तुटली आहे या गृहीतावर उभी आहे. जेथे सोमपुरा आणि स्थपती अजून पिढीजात विद्येने घडण करतात तेथे हे गृहीत जसेच्या तसे लागू पडत नाही. इंटॅक या संस्थेने २००४ मध्ये संमत केलेल्या सनदेत हीच अडचण मान्य करून जिवंत कारागिरीला स्थान दिले आहे. त्यावर आक्षेप आहेत. जिवंत कारागिरीच्या नावाखाली जुन्या देवळाला संगमरवरी फरशी आणि ऑइलपेंट फासणारे उत्साही विश्वस्त गावोगाव आढळतात. मॉरिस ते पाहून काय म्हणाला असता हे सांगण्यास विद्वत्ता लागत नाही. परंतु कारागीर मोकळा असता तर आपल्या जाहीरनाम्याची गरजच उरली नसती, हेही त्याने मान्य केले असते.

मोकळ्या कारागिराचा हा प्रश्न मॉरिसला वास्तूंपासून राजकारणाकडे घेऊन गेला. केल्मस्कॉटच्या भोवतालचे खेडे सुखी नव्हते. १८७० नंतर शेतीच्या धंद्याला उतरती कळा लागली. १८७२ मध्ये शेतमजुरांची संघटना उभी राहिली. १८७३ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्याच, एव्हनलोड नदीच्या खोऱ्यातील अॅस्कॉट या खेड्यातील सोळा स्त्रियांना संपात बदली मजुरांना अडवल्याबद्दल तुरुंगवास झाला. दोघींच्या कडेवर तान्ही मुले होती. दहा वर्षांनी मॉरिसने त्याच नदीचे नाव एका कापडाला दिले. हे कापड विकत घेणारे लोक कोण, याविषयी त्याच्या मनात भ्रम नव्हता. स्वतःच्या उत्पन्नाविषयीही नसावा : त्याच्या तारुण्यातील सुस्थिती डेव्हनमधील एका तांब्याच्या खाणीतील वडिलोपार्जित भागांवर उभी होती, आणि ती खाण पुढे सोमलाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध झाली. १८८३ मध्ये तो समाजवादी पक्षात गेला. त्याला कोणी ढोंगी म्हटले, कोणी भाबडा. या दोन्ही दूषणांना त्याने वादाने उत्तर दिले नाही; १८९० मध्ये आपल्या 'कॉमनवील' या साप्ताहिकातून 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही कादंबरी क्रमशः लिहिली.

तिचे कथानक साधे आहे. हॅमरस्मिथचा एक माणूस सकाळी उठतो तो क्रांतीनंतरच्या, दूरच्या भविष्यात. नदी स्वच्छ आहे, कारखाने नाहीत, पैसा नाही, लोक आनंदाने काम करतात. नव्या मित्रांबरोबर तो होडीने गवतकापणीसाठी वर जातो. हा मार्ग म्हणजे मॉरिसच्या १८८० च्या प्रवासाचा मार्ग, आणि शेवटचा मुक्काम म्हणजे नाव न घेता वर्णिलेले केल्मस्कॉटचे घर. एलेन नावाची तरुणी त्या घराच्या भिंतीवर हात ठेवते आणि तिच्या तोंडून पृथ्वीविषयी, ऋतूंविषयी, कामाविषयी प्रेमाचा उद्गार निघतो. इतर आदर्श राज्यांच्या कथांत जुनी घरे नसतात. त्यांत सारे काही नवे, उजळ आणि यंत्रमय असते. मॉरिसचे भविष्य एका तीनशे वर्षांच्या शेतघराच्या दारात येऊन थांबते, कारण त्याच्या मते ते घर भूतकाळाचे नव्हतेच. ते अपूर्ण राहिलेल्या शक्यतेचे होते.

समीक्षक बहुधा येथेच थांबतात. कादंबरी मात्र थांबत नाही. गवतकापणीची मेजवानी फुलांनी सजवलेल्या गावच्या चर्चमध्ये आहे. पाहुणा दारात उभा राहतो, आणि कोणालाच तो दिसेनासा होतो. एलेनचीही नजर त्याच्यावरून निघून जाते. तो बाहेर पडतो, आणि नदीकडे जाणाऱ्या वाटेवर त्याला एक माणूस भेटतो : पाठीत वाकलेला, चिंध्या पांघरलेला, वयाने फार नसूनही म्हातारा झालेला. तो पाहुण्याला मालक समजून अदबीने टोपीला हात लावतो. हा एकोणिसाव्या शतकातला शेतमजूर. घर तेच, चर्च तेच, नदी तीच. ज्याच्या पूर्वजाने ती दगडी कौले चढवली तो त्या दृश्यात असा उभा आहे. आपल्या लाडक्या गावाचे वर्णन करताना मॉरिसने शेवटी हा माणूस आणून उभा केला, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. त्या माणसाला वगळून लिहिलेली केल्मस्कॉटची वर्णने पुढे शेकड्यांनी झाली.

मॉरिस ३ ऑक्टोबर १८९६ रोजी हॅमरस्मिथला वारला. शवपेटी रेल्वेने लेचलेडला आली आणि तेथून विलोच्या फांद्या व वेली बांधलेल्या शेतगाड्यावरून केल्मस्कॉटच्या चर्चकडे नेण्यात आली. पाऊस आणि वारा दिवसभर होता. चर्च सुगीच्या सणासाठी धान्याच्या पेंढ्यांनी आणि फळांनी आधीच सजवलेले होते. सहा वर्षांपूर्वी कादंबरीत लिहिलेल्या प्रसंगाशी असलेले हे साम्य लंडनहून आलेल्या मित्रांच्या ध्यानात आले की नाही, कोणास ठाऊक.

जेनने १९१३ मध्ये घर विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ती वारली. त्याआधी, १९०२ मध्ये, पतीच्या स्मरणार्थ तिने गावात फिलिप वेब या वास्तुशिल्पीकडून दोन जोडघरे बांधून घेतली. त्यांच्या दर्शनी भिंतीवर कुरणात झाडाखाली बसलेल्या मॉरिसचे शिल्प आहे. टोपी आणि झोळी शेजारी ठेवलेली. मुलगी मे हिने अर्नेस्ट गिम्सनकडून आणखी दोन घरे बांधून घेतली, आणि गिम्सनच्याच आराखड्यावरून गावासाठी सभागृह उभारले. त्याचे उद्घाटन १९३४ मध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी केले. ही सारी बांधकामे स्थानिक दगडाची, आणि जुनी भासवण्याचा त्यांत कोठेही प्रयत्न नाही. मे १९३८ मध्ये वारली. घर आहे तसे राखावे अशा अटींसह तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले होते. विद्यापीठाला त्या अटी पेलल्या नाहीत आणि १९६२ मध्ये ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आले. तोवर घर ओलीने पोखरले होते. १९६४ ते १९६७ या काळात त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली, आणि खरवडण्याच्या शत्रूचे घर दुरुस्त करताना कोठे थांबावे हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्यांपुढे पावलोपावली उभा राहिला असणार. अलीकडे पुन्हा एक मोठे काम होऊन २०२२ मध्ये घर प्रेक्षकांसाठी खुले झाले.

चर्चच्या अंगणात, झुडपांच्या आडोशाला मॉरिसची समाधी आहे. वेबने ती घराच्या छपरासारखी, मध्ये आढे आणि दोन्ही बाजूंना उतार अशी केली. दगड स्थानिक आहे. त्यावर विल्यम, जेन आणि दोन्ही मुली, जेनी आणि मे, यांची नावे आहेत; दगडफुलाने ती इतकी झाकली आहेत की वाचण्यासाठी खाली वाकावे लागते.